माशा बांधणारे कर्णिक

विनय कर्णिक माणसांना त्यांच्या गावावरून हाक मारत. मी नागपूर. आमच्या टीममधली एक मुलगी सांगली. मॅनेजर ओहायोचा होता म्हणून तो ओहायो, अर्थात त्याच्या पाठीमागे. "नावं लक्षात ठेवून काय करायचं? नावं आज आहेत, उद्या लेऑफ. गाव तरी जागेवर राहतं," हे त्यांचं कारण. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत, एका टेलिकॉम कंपनीत मी रुजू झालो तेव्हा मला हा विनोद वाटला होता.

कर्णिक आमचे टीम लीड. मूळचे ठाण्याचे, पंचेचाळिशीच्या आसपासचे, अंगाने किरकोळ, शर्ट कायम इस्त्रीचा आणि तोंड कायम तिरकं. कुणाचं कौतुक करायची वेळ आली तर त्यांना सर्दी झाल्यासारखं व्हायचं. माझं पहिलं मोठं काम पाहून ते म्हणाले होते, "छान. यात चुका शोधायला मला जेवण पुढे ढकलावं लागलं."

दोन हजार एकच्या शरद ऋतूत कंपनीने ठरवलं की आमचं निम्मं काम पुण्याला पाठवायचं. त्या पुण्याच्या टीमला फोनवरून शिकवायचं काम कर्णिकांकडेच होतं. शिकवणी पूर्ण झाल्यावर ओहायोने त्यांना खोलीत बोलावून सांगितलं, "विनी, तुझ्या टीममधून एक नाव हवंय."

टीममध्ये आम्ही चार-पाच जण व्हिसावरचे, आणि एकटा डेल इथला. डेल टेस्टिंग करायचा. साठीकडे झुकलेला, उंच, वाकलेला, मिशी पिवळट, बोलायला कमी. दुपारच्या सुट्टीत गाडीत बसून फ्लोरिडाच्या नकाशावर पेन्सिलने खुणा करत असे. कर्णिकांनी डेलचं नाव दिलं.

हे मला त्यांनीच सांगितलं, त्याच दिवशी, पार्किंगमध्ये. त्यांच्या आवाजात नेहमीचा तिरकसपणा नव्हता म्हणून ते लक्षात राहिलं. "डेलची नोकरी गेली तर नोकरी जाईल. तुझी गेली तर देश जाईल. हिशोब सरळ आहे." मग गाडीचं दार उघडून म्हणाले, "हिशोब सरळ असला की माणसाला शांत झोप लागते म्हणतात. उद्या कळवतो."

शुक्रवारी डेल आपलं खोकं भरून निघाला. लोक अशा वेळी आपापल्या स्क्रीनमध्ये फार मग्न होतात, तसे आम्हीही झालो. डेल मात्र थेट कर्णिकांच्या क्युबिकलमध्ये आला. खोक्यातून त्याने लोखंडाचा एक छोटा व्हाइस काढून टेबलावर ठेवला. मासे धरायचा गळ त्याच्या चिमट्यात पकडायचा आणि त्या गळावर दोरा, केस, पिसं बांधून किडा किंवा कोळंबी असल्याचा भास निर्माण करायचा, त्यासाठीचं ते यंत्र. अशा खोट्या आमिषाला इंग्रजीत फ्लाय म्हणतात, म्हणजे माशी.

"माझ्याकडे दोन आहेत," डेल म्हणाला. "शनिवारी माझ्या गॅरेजमध्ये ये, दाखवतो कसं वापरायचं. आता माझे सगळे शनिवार मोकळे आहेत. सोमवारसुद्धा."

तो गेल्यावर कर्णिक बराच वेळ त्या व्हाइसकडे बघत बसले. मी विचारलं, "त्याला माहितीये का, नाव कुणी दिलं?"

"मी काय विचारू त्याला? आभार मानताना मध्येच?" ते म्हणाले. "ही अमेरिकन पद्धत दिसते. आपल्याकडे सूड घ्यायचा तर जीव घेतात. हे लोक छंद लावतात."

त्या शनिवारी ते गेले. मला वाटतं एकदाच जाऊन सुटका करून घ्यावी असा त्यांचा बेत असावा. पण पुढच्या शनिवारीही गेले, त्याच्या पुढच्याही. ऑफिसात उरलेली मंडळी कामाअभावी माशा मारत बसली होती. कर्णिक घरी माशा बांधू लागले.

डेल त्यांना एकच माशी शिकवत होता, कोळंबीची. फ्लोरिडाच्या खाली, बेटांच्या रांगेत, समुद्र मैलोन् मैल गुडघाभर उथळ असतो. तिथे बोनफिश नावाचा मासा भरतीबरोबर येतो आणि वाळूत तोंड खुपसून कोळंब्या आणि खेकडे खातो. त्याला फसवायचं तर कोळंबी हुबेहूब हवी आणि ती गवतात अडकू नये म्हणून गळाचं टोक वरच्या बाजूला राहायला हवं. त्यासाठी बाथरूमच्या दिव्याला असते तसली मण्यांची साखळी तोडून त्यातल्या दोन मण्यांचे डोळे बांधायचे. डोळ्यांच्या वजनाने माशी पाण्यात उलटी होते. "पोटासाठी उलटं व्हायचं. हे आपल्याला शिकवायला नको," असं कर्णिक म्हणाले.

कर्णिकांच्या घरातल्या दिव्यांच्या साखळ्या एकेक करून आखूड होत गेल्या. शेजाऱ्यांच्या गोल्डन रिट्रीव्हरला ते अचानक प्रेमाने कुरवाळू लागले, कारण त्याच्या शेपटीखालच्या केसांचा रंग नेमका कोळंबीच्या अंगाचा होता. सईच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, जुन्या बाहुलीला टक्कल पडलं. सई तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. ती मला म्हणाली, "काका, माय डॅड इज वीअर्ड," आणि हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर तक्रारीपेक्षा माहिती होती.

प्रकरण तापलं ते जरीवरून. कोळंबीच्या अंगाला पाण्यात एक बारीक चमक असते. त्यासाठी दुकानात चकचकीत धागे मिळतात, पण कर्णिकांच्या मते ते "सर्कशीतल्या कोळंबीला" शोभतील असे होते. एका शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तर नीलिमा वहिनी आपला लग्नातला शालू मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पदराच्या काठाशी बोटभर जागा उसवलेली.

"अहो, हे काय आहे?" त्यांनी शांतपणे विचारलं. वहिनी शांत बोलल्या की कर्णिकही शांत होत.

"खरी जर आहे ती. काळी पडत नाही. खाऱ्या पाण्यातसुद्धा."

"मासा शालू बघून येतो का?"

"मी आलो होतो," कर्णिक म्हणाले.

वहिनींना हसू आलं, पण त्यांनी ते दिसू दिलं नाही. शालू घडी करून उठल्या आणि मला म्हणाल्या, "भावजी, घरात खऱ्या कोळंब्या आणा म्हटलं तर यांच्या लक्षात राहत नाही. खोट्या मात्र डबाभर." त्यानंतर तो शालू कुलपात गेला. कर्णिकांनी मिळाली तेवढी जर दोनेक वर्षं केसाकेसाने पुरवून वापरली.

पुढच्या वसंतात डेल त्यांना पहिल्यांदा फ्लोरिडाला घेऊन गेला. आठवड्याने कर्णिक परत आले ते नाक आणि कान सोललेले, आणि हात रिकामे. बोनफिशबद्दल मी विचारलं.

"अगदी मॅनेजमेंटसारखा आहे," ते म्हणाले. "प्रत्यक्ष कधी दिसत नाही, फक्त वाळूवरून सावली सरकते. आपण आशेने जवळ जावं तर पळून जातो. आणि आपण काय चूक केली ते कधीच कळवत नाही."

त्याच वर्षी गणपतीत आमच्या मंडळाने 'आपले छंद' असा कार्यक्रम ठेवला. एका बाईंनी रांगोळी काढली, एकाने बासरी वाजवली, आणि कर्णिकांनी स्टेजवर टेबल टाकून, व्हाइस लावून कोळंबी बांधून दाखवली. ते बांधत असताना मला पहिल्यांदा त्यांचे हात नीट दिसले. एरवी माणूस सगळा काटेरी, पण दोरा गुंडाळताना बोटं अशी चालत होती, जणू लहान मुलाच्या शर्टाचं बटण लावत आहेत. कोळंबी तयार झाली. पाय रबराचे, अंग कुत्र्याचं, केस बाहुलीचे, चमक शालूची. ताटलीत ठेवून ती सभागृहात फिरवली.

पहिल्या रांगेत मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक काका होते. त्यांनी ताटली निरखून विचारलं, "मासा चवीला कसा असतो?"

"माहीत नाही. सोडून देतो."

सभागृहात अशी शांतता पसरली की कुणीतरी गेल्याची बातमी आली असावी. काकांनी चष्मा काढला. "आडनाव काय म्हणालात आपण?"

"कर्णिक."

"सख्खे?"

लोक हसले. कर्णिकही थोडे हसले. काकांना मात्र विषय सोडायचा नव्हता. "आतापर्यंत किती सोडलेत?"

"सोडायला आधी धरावा लागतो," कर्णिक म्हणाले. "त्या पायरीवर काम चालू आहे."

ती पायरी का गाठली जात नव्हती, ते मी पुढच्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. डेलची मुलगी फ्लोरिडात होती, तिच्याजवळ राहायला तो कायमचा तिकडे गेला होता. एका हार्डवेअरच्या दुकानात त्याने नोकरी धरली होती. कर्णिक म्हणाले, "नागपूर, ड्रायव्हिंगला चल. समुद्र बघून घे, तुमच्याकडे फक्त चर्चा असते." आम्ही गाडीने गेलो. रस्ताभर त्यांनी मला बोनफिश, ओहायो, अमेरिकन चहा आणि माझं ड्रायव्हिंग या चार विषयांवर ऐकवलं. डेलचं नाव निघालं की मात्र ते बाहेर बघत.

सकाळी आम्ही तिघं पाण्यात उतरलो. पाणी गुडघ्याला, इतकं नितळ की आपले बूट आपल्यालाच परके दिसावेत. डेलने सांगितलं, पाय उचलायचे नाहीत, घासत चालायचं, म्हणजे वाळूत लपलेल्या काटेरी शेपटीच्या माशावर पाय पडत नाही. तर दोन तास आम्ही पाय घासत चाललो. ऑफिसात मी याहून वेगळं काही करत नव्हतो, फक्त इथे ऊन होतं.

"तिथे," डेल म्हणाला. पुढे पाण्यातून चांदीच्या चमच्यांसारखी तीन-चार शेपटांची टोकं वर आली होती. मासे डोकं खाली करून खात होते. कर्णिकांनी दोर फेकला. माशी बरोबर त्यांच्या पुढ्यात पडली, बुडाली, त्यांनी डाव्या हाताने दोर दोनदा हलकेच ओढला, आणि एक सावली वळली. माशाने कोळंबी तोंडात घेतली.

कर्णिकांनी रॉड खाडकन वर उचलला. माशी माशाच्या तोंडातून निसटून हवेत उडाली आणि माझ्या टोपीत रुतली. शेपटं नाहीशी झाली.

"वर नाही, विनी," डेल कंटाळ्याचा लवलेशही न दाखवता म्हणाला. "मासा लागला की रॉड जागेवर ठेवायचा, फक्त दोर ओढायचा. तू प्रत्येक वेळी झेंड्याला सलामी देतोस."

"माहितीये."

"गेल्या वर्षीही माहीत होतं."

"माहितीये म्हणालो ना." कर्णिकांचा आवाज चढला. मग ते टोपीतली माशी सोडवायला माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवूनच, डेलकडे न बघता म्हणाले, "तुझं नाव मी दिलं होतं."

मला टोपीसकट बुडून जावंसं वाटलं. पण पाणी गुडघ्याइतकंच होतं.

डेल म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं होतं. ओहायोने सांगितलं." आमचं हे टोपणनाव त्यालाही ठाऊक होतं हे मला नवीनच होतं. "त्याला वाटलं, त्यामुळे मी त्याच्यावर चिडणार नाही."

"मग तो व्हाइस?"

"मला तुझ्याकडे येऊन एक ठोसा द्यायचा होता. चालत येईपर्यंत डोक्यात आलं, याला चार-पाच माणसांतून एक निवडायचा होता. ती पोरं परत पाठवली असती तर मी तुला काय म्हणालो असतो? हात खोक्यात होता, व्हाइस लागला." त्याने मिशी पुसली. "आणि खरं सांगू? टेस्टिंगमध्ये मी फार काही चांगला नव्हतो. मीही माझंच नाव दिलं असतं."

कर्णिक एकदम उसळले. "हे मला आता सांगतोस? मी तुझ्या त्या थंड गॅरेजमध्ये किती शनिवार घालवले, माहितीये? मला मासे पकडण्यात काडीचा रस नव्हता."

"मग का येत होतास?"

कर्णिकांनी माझ्या टोपीतली माशी सोडवली आणि तिच्या डोळ्यांवरून अंगठा फिरवला. डेलने कर्णिकांच्या कोपराला हात लावून त्यांना किंचित डावीकडे वळवलं. तिकडे एकटी सावली येत होती, सरळ आमच्याकडे.

या वेळी दोर वाकडा पडला. माशी माशाच्या अलीकडे, जरा बाजूला. पण मासा वळला. कर्णिकांचा उजवा खांदा सवयीने वर जाऊ लागला, तेवढ्यात डेलने आपला पंजा त्यांच्या खांद्यावर दाबून धरला. कर्णिकांनी डाव्या हाताने दोर ओढला.

पुढे जे झालं तसं मी यापूर्वी कधी काही पाहिलं नव्हतं. दोर ताणला, पाण्याला सरळ चीर गेली आणि रीळ किंचाळायला लागलं. कर्णिक धावत नव्हते, थांबतही नव्हते. तोंडाने सलग ठाणेरी शिव्या देत होते, आनंदाच्या. डेल त्यांच्या मागे पाय घासत चालला होता आणि खूप वेळाने मासा दमून जवळ आला तेव्हा तो हातभरही नव्हता. अंग आरशासारखं. वाळूवर धरला तर वाळूच्या रंगाचा, गवतावर धरला तर गवताच्या.

"एवढासा?" मी विचारलं.

"नागपूर, तुला सरकारी प्रकल्पांची सवय आहे. एवढासा चालतो," ते म्हणाले. त्यांनी गळ काढला, मासा पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून धरला आणि हात सैल केले. मासा क्षणभर तिथेच राहिला, मग नव्हता. त्यांनी ओले हात चेहऱ्यावरून फिरवले. खारं पाणी डोळ्यांत गेलं म्हणाले. जाऊ शकतं.

त्यानंतर दर वर्षी ते जात. मी मध्येमध्ये. डेल आणि ते एकमेकांशी दिवसेंदिवस अधिक वाईट बोलू लागले, यावरून मैत्री घट्ट होत असल्याचं कळे.

दोन हजार आठमध्ये बाजार कोसळला. कर्णिकांचं नाव कुणीतरी दिलं. ग्रीन कार्डच्या रांगेत ते इतकी वर्षं होते की रांगेवर त्यांचा वारसाहक्क असावा, पण नोकरीबरोबर तीही गेली. सई त्याच महिन्यात कॉलेजच्या होस्टेलवर राहायला गेली होती. आईवडील ठाण्याला परतणार आणि मुलगी इथे राहणार, असं ठरलं. ठरलं म्हणजे तिने ठरवलं. तिला होस्टेलवर भेटून आले त्या दिवशी कर्णिकांनी कुणालाच टोमणा मारला नाही. मी घाबरलो.

कॅरीतलं सगळं जग शेजारच्या रॅलेहून विमान धरतं. कर्णिकांनी तिकिटं मायामीहून काढली. कारण उघड होतं. सामानाने भरलेली माझी व्हॅन घेऊन आम्ही तिघं खाली गेलो. डेल रस्त्याच्या कडेला फोल्डिंग खुर्ची टाकून आमची वाट बघत होता. गुडघ्यांमुळे त्याचं पाण्यात उतरणं बंद झालं होतं.

"तुझं नाव कुणी दिलं?" त्याने विचारलं.

"ओहायोने. दुसऱ्या आठवड्यात त्याचंही कुणीतरी दिलं. आता दोघंही मोकळे आहोत, पण मी त्याला मासेमारीला बोलावणार नाही. माझं मन तुझ्याएवढं मोठं नाही."

"ठाण्यात पाणी आहे का?"

"खाडी आहे. तिथल्या पाण्यात माशी टाकली तर माशी मरेल."

डेल पोट धरून हसला. कर्णिकांनी बूट चढवले, रॉड जोडला आणि पाण्यात उतरले. वहिनी व्हॅनच्या सावलीत उभ्या होत्या. विमान संध्याकाळचं होतं आणि त्या सकाळपासून घड्याळ बघत होत्या. एवढ्या वर्षांत त्या इथे प्रथमच आल्या होत्या. "एवढं सुंदर आहे हे मला कधी सांगितलं नाही यांनी," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तर मी आले असते ना."

भरती चढत होती. कर्णिक लांब गेले, लहान दिसू लागले. दोनदा दोर फेकताना दिसले, काही लागलं नाही. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत आलं. निघायची वेळ टळून गेल्यावर वहिनी पाण्याच्या अगदी कडेला गेल्या, पदर खोचून, आणि तोंडाभोवती हात धरून ओरडल्या, "अहो, चला आता. विमान जाईल."

कर्णिक वळले नाहीत. फक्त डावा हात वर केला आणि एक बोट दाखवलं. एकदाच, शेवटचं.

डेलने त्या बोटाचा अर्थ विचारला नाही. वहिनी चपला काढून हातात घेत होत्या.

"वहिनी, पाय उचलू नका," मी म्हणालो. "घासत चाला."

त्यांनी मान डोलावली आणि साडीसकट पाण्यात शिरल्या. बरंच अंतर होतं. त्या त्यांच्याजवळ पोहोचल्या तेव्हा कर्णिकांनी मागे न बघताच त्यांचा दंड धरला आणि पुढे कुठेतरी बोट केलं. त्या वाकून बघू लागल्या. दोघंही हलत नव्हते. मी गाडी सुरू करून ठेवली.